घोषणा देणारा मालक

सत्याप्पाचा फायदा कागदावर तरी चोख होता. हुबळीजवळच्या तारिहाळच्या कारखान्यात व्हॉल्व्ह घासून पगार मिळे सोळा हजार. त्याच कामाचा ठेकेदार झाल्यावर बावीस माणसांचा पगार भागवून हातात उरणार होते तीस. शिवाय दारावर नावाची पाटी. मॅनेजर मुकुलसाहेबांनी चहा पाजून समजावलं होतं, "काळ बदलला, सत्याप्पा. आता सरकारच म्हणतंय, नोकरी मागू नका, नोकरी द्या." त्यासाठी कायम नोकरीचा राजीनामा द्यायचा, आणि फंडाचे जे पैसे येतील ते अनामत म्हणून परत कारखान्यातच ठेवायचे.

बायको कृष्णाबाई एवढंच म्हणाली, "ज्यानं वीस वर्षं तुमच्या घोषणा ऐकल्या, तो आता चहा पाजतोय होय?"

सत्याप्पा म्हणजे युनियनचा आवाज. त्यानं गेटवर एक आरोळी ठोकली की आत साहेबांच्या कपातला चहा निवायचा.

तरी त्यानं सही केली. दसरा तोंडावर आला तसा त्याच्या माणसांनी बोनस मागितला. सत्याप्पा मुकुलसाहेबांकडे गेला.

"तुमची माणसं, तुमचा बोनस. आम्ही मध्ये कसं पडणार?"

"मग ठेका सोडतो."

"सोडा की. दोन वर्षांच्या आत सोडला तर अनामत बुडते, तेवढं वाचलंत ना?"

वाचलं नव्हतं. इतरांचे करार तो ओळन् ओळ वाचायचा. स्वतःच्या वेळी मात्र पाटी रंगवून घ्यायच्या गडबडीत होता.

दुसऱ्या दिवशी बावीस जण त्याच्या दारात येऊन बसले. मालकाच्या दारात बसायचं, हे त्यानंच त्यांना शिकवलं होतं. पुढे कृष्णाबाईचा भाऊ धम्मानंद. बसले खरे, पण आवाज लागेना. एकानं मराठीत सुरू केलं, दुसऱ्यानं कानडीत, आणि समोरच्या घरातल्या पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. धम्मानंद आत आला.

"दाजी, जमेना बघा. तुम्हीच सुरुवात करून द्या की."

"माझ्याच विरुद्ध?"

"नाव तुम्ही घ्या. धिक्कार आम्ही म्हणतो."

सत्याप्पा पायरीवर आला. "बेके बेकु," त्यानं हुबळीतली ती जुनी, हवंच हवं म्हणणारी आरोळी दिली. "बोनस बेकु," बावीस जणांनी उचलली. आवाज अजून तसाच खणखणीत होता. पण एरवी तो दिला की आतून कुणीतरी हलायचं, निरोप यायचा, खुर्च्या मांडल्या जायच्या. आज तो मान वळवून आत बघायला लागला, आणि आत स्वतःचंच घर होतं.

तिथून कृष्णाबाई आली. अंगणवाडीच्या तुटपुंज्या पगारातून केलेल्या दोन पाटल्या तिनं काढून हातात घेतल्या होत्या.

"पुरे करा आता," ती म्हणाली. "पतसोसायटीत जाऊन विचारा, या पाटल्यांवर किती येतात."

"अक्का, तुझं कशाला?" धम्मानंद पुटपुटला.

"मग तू सोडतोस का तुझा वाटा?"

तो परत माणसांत जाऊन बसला. त्यालाही घरी बायको होती.

दसऱ्याच्या आत बोनस वाटून झाला. बावीस जणांना मिळाला, बहिणीच्या पाटल्यांतला हिस्सा धम्मानंदलाही पोचला. मुकुलसाहेबांचा एक रुपयाही गेला नाही. सत्याप्पाची अनामत कारखान्यात अडकली ती अडकलीच, तिच्या मागे तोही. पैसे भरले ते कृष्णाबाईनं.