मोठ्या जावयाची पायरी

माणसं मॅरेथॉन का धावतात, याची कारणं त्या पहाटे महाडात बरीच ऐकायला मिळाली. कुणाची साखर वाढली होती, कुणाला फोटो टाकायचा होता, कुणाला डॉक्टरनं दम भरला होता. पंचायत समितीत आवक-जावक बघणाऱ्या अरविंदला यातलं काहीच नको होतं. त्याला सासऱ्याच्या दारावरून मान ताठ ठेवून, घराकडे ढुंकूनही न बघता, न थांबता पळत जायचं होतं. बेचाळीस किलोमीटर त्यासाठी. बाकीचा सगळा रस्ता म्हणजे त्या दहा पावलांना लागलेलं शेपूट.

प्रकरण तीन वर्षांपूर्वीचं. मेहुण्याचं, म्हणजे नागसेनचं लग्न होतं. मे महिना, मांडवात घामाच्या धारा. मंगल परिणय पार पडला आणि सासरे भिकाजी माइक घेऊन मानाच्या पाहुण्यांची नावं पुकारायला लागले. नाव आलं की उठायचं, पुढं जायचं, टॉवेल-टोपी घ्यायची. धाकट्या जावयाचं नाव आलं. व्याह्यांच्या शेजाऱ्याचं आलं, मांडववाल्याचंही आलं. अरविंद प्रत्येक नावाला खुर्चीतून अर्धा उठत होता आणि परत बसत होता. मग माइक बंद झाला आणि मोठा जावई अर्धा उठलेलाच राहिला. तसाच तडक दारात गेला आणि चार लोकांत त्यानं सांगून टाकलं की ह्या घराची पायरी आता आपण चढणार नाय. भिकाजींचंही टाळकं सटकलं. नका चढू, म्हणाले. झालं.

तेव्हापासून बायको उज्वला एकटीच माहेरी जायची. बाप सत्तरीला आलाय, तुमचा राग किती वर्षांचा करायचाय ते एकदा सांगा, एवढंच ती म्हणायची. अरविंदकडे उत्तर तयार असायचं. धाकटा जावई मुंबईत बँकेत, आपण महाडात कारकून, म्हणून मुद्दाम वगळलं. ह्या कटात कोण कोण सामील होतं तेसुद्धा त्यानं ठरवून ठेवलं होतं. त्यात लग्नातला स्वयंपाकीही होता.

तर अशात तालुक्यातल्या एका क्रीडा मंडळानं मॅरेथॉन जाहीर केली. महाडहून वरंधच्या पुढं घाटाच्या तोंडाशी जायचं आणि परत यायचं. व्हायची होती जानेवारीत, पण प्रमुख पाहुण्यांना सवड मिळाली एप्रिलच्या शेवटी, आणि त्या दिवशी ते आलेच नाहीत. सासुरवाडी ह्याच रस्त्यावर, महाड सोडल्यावर पहिलीच मोठी वाडी. रस्त्याला लागून घर, उंच चौथरा, तीन पायऱ्या. अरविंदनं नाव दिलं. वय शेहेचाळीस, पोट पुढं, सराव म्हणाल तर दासगावपर्यंत पळत जायचा आणि येताना रिक्षा करायचा. आपण निम्मी मॅरेथॉन धावतो, असं तो कचेरीत सांगायचा.

पाच वाजता अंधारात सगळे सुटले. सासुरवाडी जवळ आली तसा अरविंदनं वेग वाढवला. पोट आत, छाती बाहेर, मान ताठ. असा तो दारावरून गेला की बघत राहावं. पण बघायला होतं कोण? दार बंद, ओटीवर काळोख. एक कुत्रा होता. त्यानं डोकं वर केलं, ह्याला बघितलं आणि परत झोपला. तीन वर्षांचा राग आणि चार महिन्यांचा सराव त्या कुत्र्यापुढं वाया गेला. आता येताना, म्हणून अरविंदनं स्वतःची समजूत घातली.

येताना काय होणार ते त्याला कुठं ठाऊक होतं? घाटाच्या तोंडाशी वळसा घालेपर्यंत ऊन चांगलंच चढलं. वरंध मागं पडलं तसं डांबर बुटाला धरायला लागलं, पाठीवरचा घाम वाळून मीठ झालं, आणि छातीवर टाचणीनं लावलेला नंबर कातडी सोलायला लागला. बाकीचे कधीच पुढं गेले होते. मागं फक्त मंडळाचा टेम्पो, दमलेल्यांना गोळा करणारा. तो ह्याच्या चालीनं येत होता आणि ड्रायव्हर मधूनमधून चढायला मागची फळी पाडू का विचारत होता.

शिवथरच्या फाट्यावर प्रथमोपचाराच्या टेबलाशी एका नर्सनं त्याला बसवलं. उन्हानं डोकं फिरलं नाही ना, हे बघायला तिनं नाव विचारलं. ते त्यानं बरोबर सांगितलं. मग तिनं बायकोचं नाव विचारलं. चेहरा समोर दिसत होता, आवाज ऐकू येत होता, नाव काही केल्या येईना. डोक्यावर दोन तांबे पाणी पडलं तेव्हा कुठं तो उज्वला म्हणाला. हे घरी कळता कामा नये, असं नर्सला दोनदा बजावून तो उठला. तिनं टेम्पोत बसा म्हणून सांगून बघितलं, पण त्याला सासऱ्याचं दार पळत ओलांडायचं होतं ना.

दार आलं. ह्या वेळी ओटी भरलेली होती. भिकाजी, सासूबाई येसूबाई, नागसेन, शेजारपाजार, सगळे. अरविंदनं पोट आत घेतलं, मान ताठ केली आणि घराच्या बरोबर समोर त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. न थांबता जाणारा माणूस विजेचा खांब मिठीत घेऊन उभा राहिला. ओटीवर कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. एवढ्या लांबून, एवढ्या उन्हातून आपण इथंच अडकायला आलो की काय, असं त्याला वाटलं आणि स्वतःची मनापासून लाज वाटली.

येसूबाई कोकमाचं सरबत घेऊन धावतच खाली आल्या. बरोबर एक टॉवेल होता, नवाकोरा, घडी न मोडलेला. त्यांनी तो पायरीशी ठेवलेल्या पाण्याच्या हंड्यात बुचकळला आणि जावयाच्या डोक्यावर टाकला. लग्नातला तुमच्या मानाचा हाय, तीन वर्षं कपाटात ठेवलाय, असं पुटपुटल्या. भिकाजी अजून ओटीवरच होते. मग त्यांनी खुंटीवरची काळी छत्री घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि एकेक पायरी उतरत रस्त्यावर आले.

"वर या म्हणणार नाय," ते म्हणाले. "तुम्ही बोलून बसलाय. म्हणून मीच खाली आलो."

अरविंद चालायला लागला आणि भिकाजी छत्री धरून बरोबर निघाले. अरविंदच्या मते तो धावत होता. सासरे चपलांत, सावकाश चालत, अधूनमधून थांबून त्याची वाट बघत होते. नंबरानं छाती सोलली आहे हे दिसल्यावर त्यांनी तो काढून घेतला आणि हरवू नये म्हणून स्वतःच्या सदऱ्याला लावला. मागं टेम्पो होताच.

मग भिकाजी रस्त्याकडे बघत म्हणाले, "जावईबापू, त्या दिवशी मी विसरलो हो. दुसरं काय कारण नाय. ऊन लागलं होतं. तुमचं तोंड समोर दिसत होतं, नाव येत नव्हतं. आणि मग सांगायची लाज वाटली."

दोन तासांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर अरविंदनं खोटं म्हणून उडवून लावलं असतं. आता तशी सोय नव्हती. पंधरा वर्षं एका ताटात जेवणाऱ्या बायकोचं नाव जो माणूस विसरला, त्यानं सासऱ्यावर तीन वर्षं खटला चालवला होता, स्वयंपाक्यासकट. त्यानं भिकाजींच्या हातावर हात ठेवला आणि शिवथर फाट्यावरची सगळी गोष्ट सांगून टाकली. भिकाजी इतके हसले की छत्री उन्हाकडे गेली. उज्वलेला सांगू नका, असं दोघांचं ठरलं.

महाडात मांडव निम्मा उतरवलेला होता. उज्वला आणि मंडळाची चारपाच माणसं तेवढी थांबली होती. माइकवाल्यानं छत्री घेतलेला म्हातारा बघितला, त्याच्या सदऱ्यावरचा नंबर बघितला आणि त्याच्या अंगात आलं. एवढ्या उन्हात, ह्या वयात बेचाळीस किलोमीटर, असं ओरडत त्यानं भिकाजींचं नाव विचारलं, तीनदा पुकारलं आणि पदक त्यांच्या गळ्यात घातलं. शेजारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन जो कोण उभा होता, त्याला नातेवाईक समजून कुणीतरी जरा बाजूला केलं.

पुन्हा माइक, पुन्हा नाव राहिलं. उज्वलेचा चेहरा उतरला. भिकाजी घाबरून पदक काढायला लागले. अरविंदनं त्यांचा हात धरला, पदक परत त्यांच्या छातीवर नीट बसवलं आणि सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मग त्यानं टेम्पोवाल्याला फळी पाडायला सांगितली आणि तिघं वाडीवर आली. ओटीवर सगळे परत गोळा झाले. अरविंद टेम्पोतून उतरला, पहिल्या पायरीशी गेला आणि थांबला. बराच वेळ तसाच उभा. येसूबाईंनी पदर तोंडाला लावला. भिकाजींचा चेहरा पडला. एवढं होऊनही राग गेला नाही तर आता काय करायचं, हे कुणालाच कळेना.

"राग नाय हो, मामा," अरविंद रडकुंडीला येऊन म्हणाला. "पाय उचलत नाय."

तेव्हा भिकाजींनी एका बाजूनं, नागसेननं दुसऱ्या बाजूनं धरलं, उज्वलेनं मागून रेटा दिला आणि मोठ्या जावयाला तिन्ही पायऱ्या उचलून वर नेलं.