कुंकू लावलेला हौद

मी हौद बोलतोय. पाणी पिण्याचा नव्हे, पाय बुडवायचा. देवणीजवळच्या एका खेड्यात, शेषेरावांच्या गोठ्याच्या दारात मला बांधलंय. चार फूट लांब, वीतभर खोल. माझ्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी भरायचं, आत येणाऱ्याने त्यात पाय बुडवायचे, म्हणजे बाहेरचा रोग पायांबरोबर आत येत नाही. इतकं साधं काम. पण साधं काम माणसांच्या पचनी पडत नाही.

मला बांधायला सांगितलं जनावरांच्या डॉक्टरांनी. तेव्हा आसपास लाळ्या-खुरकुताची साथ होती. सिमेंट वाळतं न वाळतं तोच शेषेरावांनी उद्घाटन उरकलं. नारळ फुटला, काठावर हळद-कुंकू वाहिलं, सरपंचांनी माझ्याशेजारी फोटो काढून घेतला. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू!

तिथेच घात झाला. पूजा झालेल्या हौदात पाय कोण घालणार? दुसऱ्या दिवसापासून जो तो मला नमस्कार करायचा आणि ओलांडून जायचा. दूधवाला, चारा आणणारा, स्वतः शेषेराव, सगळे तसेच. पाणी कधीच आटलं, कुंकू मात्र रोज ताजं. एवढा मान गावात फक्त देवळाच्या पायरीला असेल, आणि तिच्यावर निदान पाय तरी पडतात.

शेषेरावांच्या पत्नी पंचफुलाबाई यांना हे पटत नव्हतं. त्यांचा सगळा जीव ठिपकीत होता. ठिपकी म्हणजे चंद्री गाईची वीस दिवसांची कालवड, तीन गोऱ्ह्यांच्या पाठीवर झालेली. एवढ्या लहान वासराला लस टोचत नाहीत, हे त्यांनी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं होतं.

एका सकाळी व्याही भगवानराव आले, थेट गुरांच्या बाजारातून. बूट शेणाने माखलेले. अंगणात बूट काढून त्यांनी तांब्याभर पाण्याने पाय धुतले, घरात चहा घेतला, आणि तेच बूट चढवून कालवड बघायला निघाले.

"अहो, इवायांना हौदात पाय बुडवा म्हणा की," पंचफुलाबाई हळूच म्हणाल्या.

"येडी हायस का? पूजेच्या हौदात बूट घालाय लावू? काय म्हनतील ते?"

भगवानरावांनी मला वाकून नमस्कार केला आणि पलीकडे गेले. मी कोरडा ठणठणीत. नमस्काराने रोग मरत असता, तर आमच्या गोठ्यात माशीसुद्धा आजारी पडली नसती.

पाचव्या दिवशी चंद्रीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. सातव्या दिवशी ठिपकी उठलीच नाही.

"नजर लागली," शेषेराव म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर लिंबू-मिरची टांगली. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला, आणि माझाही.

दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईंनी ते लिंबू तोडून फेकलं. काथ्याने घासघासून माझं कुंकू काढलं, सोड्याचं पाणी भरलं आणि दारात उभ्या राहिल्या. शेषेराव आले. सवयीने त्यांचे हात जोडले गेले.

"हात नगा जोडू," त्या म्हणाल्या. "पाय घाला."

ते घुटमळले. मग चपलांसकट माझ्यात उतरले. पाणी शेणाने हिरवं-काळं झालं.

आत अजून चार गाई आहेत. बाबांनो, मला पुन्हा देव करू नका. मला रोज असंच घाण होऊ द्या.