फोटोतली हजेरी

आमचे मुख्याध्यापक अवधूत सर अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकच गोष्ट शिकले, आणि दुर्दैवाने ती माझ्याच वर्गात शिकले.

बोंडअळीचं वर्ष होतं. मी पोरांना शाळेचा कॅमेरा देऊन जवळच्या शेतात न्यायची. त्यांनी काढलेले बोंडांचे फोटो कॉम्प्युटरवर मोठे करायचे, अळी कापून पांढऱ्या पानावर चिकटवायची, बाण काढून नावं लिहायची. सातवीतली दीपा यात सगळ्यांत हुशार. सर मागे बसून पेंगायचे. एकदा मात्र डोळे उघडले. "मॅडम, अळी कापता येते, तं पोट्टंही कापता येत असन?"

मला वाटलं, गंमत करताहेत. एवढी अक्कल कुठली!

कापूस हातचा गेला तशी तांड्यावरची माणसं ऊसतोडीला निघाली, पोरांसकट. वर्ग रिकामे झाले. दर सोमवारी वर्गाचा फोटो पाठवायचा हुकूम होता. सरांनी पंधरा ऑगस्टच्या फोटोतली पोरं कापून वर्गात चिकटवली. अकराचे चौतीस झाले. नोव्हेंबरात तेवीस पोरं हातात कागदी झेंडे धरून गणित शिकत होती. तालुक्याच्या साहेबांनी शंभर टक्के हजेरीबद्दल शाबासकी कळवली. दोघांनाही डोळे नुसते चष्मा लावायला दिलेले.

दीपाची आई लालीबाई हिचा ट्रक शनिवारी निघणार होता. आईबाप बाहेरगावी गेलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह निघतं. ते मंजूर झालं तर दीपा इथेच राहून शिकणार होती. अर्ज मीच केला होता. शुक्रवारी उत्तर आलं: आपल्या शाळेत एकही मूल गैरहजर नाही, सबब वसतिगृहाची गरज नाही.

मी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. "फोटो जिल्ह्याले गेले मॅडम," ते म्हणाले, "आता कायले घाण करता?"

लालीबाई दीपाला घेऊन निरोपाची वाट पाहत दारात उभी होती. मी नाही म्हणून सांगितलं. सरांनी तिला कौतुकाने कॉम्प्युटरपाशी बोलावलं. "तुमी बिनधास्त जा. हे पाहा, येत्या सोमवारचा फोटो तयार, दीपा पयल्या रांगेत. दर सोमवारी पोरगी हजर राहीन, माह्यी गॅरंटी."

लालीबाईने पडद्यावरच्या लेकीकडे बराच वेळ पाहिलं.

"मंग परीक्षेलेबी इलेच बसवा," ती म्हणाली, आणि खऱ्या दीपाचा हात धरून निघून गेली.

सर माझ्याकडे वळले. "जमते का हो ते?"