पावडरखालची खूण

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. मागचेही या, माझा आवाज लहान आहे. आज तुम्हाला अशी गोष्ट सांगणार आहे की ती आठवली तरी माझ्या झाकणाची बिजागरी अजून थरथरते. एका आजोबांनी भर दुपारी, चार हात अंतरावर उभ्या असलेल्या आपल्या बायकोला ओळखलं नाही. आणि त्या पापात माझाही वाटा होता.

मी एक जुनी पावडरची डबी आहे. गोल, पितळेची, तळहातावर मावेन एवढी. पोटात पावडर, पावडरीवर मऊ पफ आणि झाकणाच्या आत छोटासा आरसा. ज्या कारागिराने मला घडवलं त्याने माझ्या पाठीवर पाच पाकळ्यांचं फूल कोरलं होतं. त्यातल्या दोन पाकळ्या आता बोटांनी झिजून गेल्या. मला त्याचं वाईट वाटत नाही. देवाने नेमून दिलेल्या कामात झिजायला मिळालं, आणखी काय हवं?

माझं सगळं आयुष्य एका फोटो स्टुडिओत गेलं. रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून आलं की काचेच्या कपाटात हसरे चेहरे मांडलेले, आत एक उंच स्टूल, आणि पडद्याआड दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा. त्या जागेत माझ्या मालकीणबाई लोकांना फोटोसाठी तयार करायच्या. सगळं गाव त्यांना पफकाकू म्हणायचं. फोटो काढायचे त्यांचे यजमान.

त्या काळचे दिवे फार तापायचे. माणूस समोर बसला की दोन मिनिटांत घाम, आणि फोटोत नाक घासलेल्या चमच्यासारखं चकाकायचं. फोटोही काळे-पांढरे, त्यात भुवया आणि ओठ पुसट दिसायचे. म्हणून यजमान रोज सांगायचे, "पावडरीला हात आखडू नकोस. भुवई काळीभोर कर. चेहरा दिव्यांना पुरून उरला पाहिजे."

काकूंनी ते शब्द मनात जपून ठेवले. पफाच्या तीन थापा गिऱ्हाइकाच्या आणि चौथी, हलकीशी, देवाच्या नावाने, असा त्यांचा नेमच होता. "चौथीने चेहऱ्यावर आशीर्वाद बसतो," असं त्या म्हणायच्या. लोक फोटो न्यायला आले की आधी माझ्या मालकिणीचं कौतुक करायचे आणि मग फोटोग्राफरचं. मी मनातल्या मनात फुलून जायची.

त्याच स्टुलावर एका शिंपीणबाईंचा लग्नानंतरचा पहिला फोटो निघाला होता. त्या काकूंच्या मैत्रीण. डाव्या गालावर बोटाच्या पेराएवढी भाजल्याची खूण होती, लहानपणी इस्त्री लागली होती म्हणे. "ही तेवढी झाक गं," त्या म्हणाल्या. काकूंनी चार थापांत ती नाहीशी केली. शिंपीणबाईंचे यजमान बस चालवायचे. ते बाकावर टोपी घेऊन बसले होते. तिथूनच म्हणाले, "काकू, फोटो नक्की कुणाचा काढताय ते तरी कळू द्या." सगळे हसले. मीही हसले.

मित्रांनो, दिवस गेले. काकूंचे यजमान देवाघरी गेले. कॅमेरा लेकीच्या हातात आला. नवे दिवे थंड होते, आणि नवा कॅमेरा असा की गालावरची लवसुद्धा मोजावी. मात्र पडद्याआड काहीच बदललं नाही. काकूंची कातडी कोरडी झाली, डोळ्यांखाली बारीक घड्या पडल्या, तरी रोज सकाळी स्वतःच्या चेहऱ्यावर तीन थापा आणि चौथी देवाची. भुवई तीच, काळीभोर.

एकदा लेक म्हणाली, "आई, आता थोडी कमी लाव ना. वयाप्रमाणे हात बदलावा लागतो. आधी क्रीम, मग पावडर नावापुरती."

"तुझे बाबा सांगून गेलेत," काकू म्हणाल्या. लेकीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आणि फोटो मात्र पूर्वीसारखेच सुरेख येत राहिले, म्हणून काकूंना वाटलं आपलंच बरोबर. मलाही तसंच वाटलं.

मग ती दुपार आली. शिंपीणबाई आपल्या यजमानांचा हात धरून पायऱ्या चढल्या. दोघंही आता सत्तरीच्या पुढचे. आजोबांना बाकावर बसवून त्या पडद्याआड आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "परवा माझं ऑपरेशन आहे. आठ-दहा दिवस दवाखान्यात राहायचंय."

"आणि हे?"

"मुलगा आहे ना घरी. पण यांचं सगळं पुसत चाललंय गं. मुलाला कधी ओळखतात, कधी त्याला कंडक्टर समजतात. मला तेवढं अजून विसरले नाहीत. मी दिसले नाही की दारात जाऊन बसतात, जेवत नाहीत. म्हणून उशाशी माझा फोटो ठेवायचाय. असा काढा की बघताच म्हणतील, ही माझी."

काकूंचे डोळे भरले. "तुला लग्नाच्या दिवसासारखी करते," त्या म्हणाल्या.

"कर बाई. पण नवरा नवा आणायला सांगू नकोस, याच्यावरच भागवायचंय."

काकूंनी मला उघडलं आणि त्या दिवशी पफ असा चालवला की मीसुद्धा धन्य झाले. तीन थापा, वर आणखी तीन, आणि चौथी राहिली म्हणून तीही. काळ्या भुवया, लाल ओठ. इस्त्रीची खूण नाहीशी झाली. काकूंनी माझा आरसा पुढे धरला. शिंपीणबाईंचा चष्मा बाजूला काढून ठेवलेला होता, त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान."

पडदा सरकला.

आजोबा बाकावरून उठून उभे राहिले. अनोळखी बाईमाणूस आलं की सभ्य माणूस उठतो, तसे. "बसा बाई," ते म्हणाले. "आमची मंडळी आत गेलीय, येईलच आता."

"अहो, मीच आहे."

आजोबांनी टोपी छातीशी धरली. ते एक पाऊल मागे सरले. "तुम्ही कोण?" ते विचारू लागले. "ती कुठाय? आत्ता तर आत गेली." आणि शिंपीणबाईंच्या अंगाला अंग लागू न देता ते पडद्याआड शिरले. तिथे कोपऱ्यात पाहिलं. बाहेर येऊन, खाली वाकून स्टुलाखाली पाहिलं. मग तिथेच उभे राहून हाक मारू लागले, हलक्या आवाजात, घरात मारतात तशी. "अगं... अगं, ऐकतेस का?"

मित्रांनो, ती हाक ऐकून शिंपीणबाई जागच्या जागी खाली बसल्या. जगात ज्या एकीला ते अजून ओळखत होते, तीही आता त्यांच्यासाठी हरवली होती, आणि ऑपरेशन परवावर होतं.

काकूंनी मला उचललं, झाकणात स्वतःचा चेहरा पाहिला, मैत्रिणीचा पाहिला. "काय चुकलं? मला तर सगळं नीट दिसतंय."

लेकीने मला त्यांच्या हातातून घेतलं. माझ्या आरशावरून एक बोट फिरवलं. ते बोट पांढरं झालं.

आता ऐका, ही माझी लाज. किती वर्षं कोण जाणे, रोजच्या पावडरीची साय माझ्या आरशावर चढत गेली होती. काकू मला वरून लख्ख घासायच्या, आतून कधी पुसलंच नाही. धुक्यात सगळेच चेहरे मऊ दिसतात. मी आरसा असून आंधळी होते, आणि आंधळी असून वाट दाखवत होते.

लेकीच्या बोटाने उमटलेल्या त्या स्वच्छ पट्टीत काकूंनी पाहिलं. एक डोळा, त्याखाली घडीघडीत साचलेली पावडर, आणि कपाळावर बोटभर वर चढलेली काळी भुवई.

"ही कोण?" त्या म्हणाल्या. अगदी आजोबांनी विचारलं तसंच.

त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मग इतकी वर्षं फोटो चांगले कसे येत होते?"

"तू दुपारी आडवी झालीस की मी कॉम्प्युटरवर पुसत बसायचे, आई. प्रत्येक चेहरा. आधी तुझी पावडर काढायची, मग सुरकुत्या परत नीट करायच्या."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू बाबांचं नाव काढलंस."

बोला मित्रांनो, कुणाला दोष द्यायचा? सांगून गेलेल्याला, जपणारीला, की गप्प बसलेल्या लेकीला? त्या खोलीत प्रेमावाचून दुसरं काहीच नव्हतं, आणि तरी एक म्हातारा माणूस स्टुलाखाली आपली बायको शोधत होता.

काकू उठल्या. रुमाल कोमट पाण्यात भिजवून त्यांनी मैत्रिणीचा चेहरा पुसला, एकेक घडी उलगडत, तान्ह्या मुलाचा पुसावा तसा. "आता सांग," त्या लेकीला म्हणाल्या. "मी विद्यार्थी, तू मास्तर."

"क्रीम लाव. आता थांब, जिरू दे. काळी पेन्सिल ठेव, तपकिरी घे. रेघ नको, एकेक केस काढल्यासारखं कर. ओठांना रंग बोटाने टेकव."

"आणि पावडर?"

"नाकावर. डोळ्यांखाली अजिबात नको."

काकूंनी माझा पफ उचलला. तीन थापा गाळल्या. चौथी, देवाच्या नावाची, नाकावर टेकवली आणि मला मिटून टाकलं. गालावरची इस्त्रीची खूण उघडी राहिली.

आजोबा पुन्हा बाकावर येऊन दाराकडे डोळे लावून बसले होते. शिंपीणबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. घाबरल्या होत्या. आजोबांची नजर त्यांच्या कपाळावरून उतरत गालाशी थांबली. त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"किती उशीर लावलास," ते म्हणाले. "चल, बस सुटेल."

त्याच क्षणी लेकीने फोटो काढला. "याला मी हात लावणार नाही," ती म्हणाली.

आठ दिवस म्हणता म्हणता एकोणीस झाले. मधे मुलगा येऊन सांगून गेला, आजोबा फोटो ताटासमोर ठेवतात आणि "तू जेवलीस का?" असं विचारून मगच घास घेतात. विसाव्या दिवशी शिंपीणबाई घरी आल्या. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाले, "दोघी सारख्याच आहेत. ही तेवढी वाळलीय, हिला आधी वाढ."

आता काकू सकाळी माझा आरसा मऊ फडक्याने पुसतात, मगच त्यात बघतात. पहिले काही दिवस दचकायच्या. आता नाही दचकत. गिऱ्हाईक आलं की त्या आधी खिडकीच्या उजेडात त्याचा चेहरा नीट पाहून घेतात आणि विचारतात, "झाकायचं काय, आणि ठेवायचं काय?" माझं काम फार कमी झालंय. दिवसातून एखादी थाप. पण ती आशीर्वादाची असते.

मित्रांनो, तुमच्या घरात आई असेल, आजी असेल, आत्या किंवा मावशी असेल. त्यांचा आरसा एकदा आतून पुसून द्या. आणि काही सांगायचं असेल तर पाठीमागे पुसत बसू नका, जवळ बसून मायेने सांगा. एवढं करताना त्या बसवाल्या आजोबांची आठवण ठेवा, जे स्टुलाखाली वाकून हलक्या आवाजात हाक मारत होते.