मंगळवारी चालणारं यंत्र

मंगळवारी कारंजा गावात अण्णाजींचं हार्डवेअरचं दुकान बंद असतं. पण त्या मंगळवारी बंद शटरसमोर पन्नास-साठ चपला पडल्या होत्या. बाजूच्या बोळातून माणसं घरात शिरत होती आणि थेट शेवटच्या खोलीपर्यंत जात होती. तिथे लॅपटॉपवर एक भजन चालू होतं. भजन कोणालाच ऐकायचं नव्हतं. ते मधेच अडकत नाही, हे पाहायला अर्धी गल्ली लोटली होती.

"आलं नं बाप्पा! गोल गोल फिरूनच नाई राह्यलं!"

"पाह्य, पाह्य, देवीच्या डबीचे दिवे पाह्य!"

भिंतीतल्या प्लगमध्ये लाल कापडात गुंडाळलेली तांब्याची डबी खोचली होती आणि कापडातून तीन हिरवे ठिपके दिसत होते. शेजारी तरंगानंद महाराज बसले होते. एक डोळा ध्यानासाठी मिटलेला, दुसरा गर्दीवर.

"हवा की लहर भटकती है, बेटा," महाराज म्हणाले. "भिंतीले आपटते, रडत वापस जाते. आपली लहर भूमार्गी! देवाची डबी राऊटरजवळ, देवीची डबी खोलीत. दोघांची ओळख पटली की दिवा लागते. पण कापड सोडाल तर शक्ती गेली. आणि डबीच्या बैठकीची जागा बदलायची नाई. ॐ वायु वायु, फाय फाय, फट्!"

मी, बबनराव, आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेला माणूस. घर अण्णाजींच्या समोरच. मागे उभा राहून मी हसलो आणि हसून घरी गेलो. एवढ्या गर्दीशी कोण वाद घालणार, म्हटलं. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

कारण ज्या घरात हे चाललं होतं, तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. अण्णाजींच्या पत्नीला, यशोदाबाईंना, दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. कूस बदलायलाही माणूस लागतो. म्हणून मुलीनं, आचलनं, नागपूरची नोकरी सोडली आणि घरून करायचं काम धरलं. पुण्याची कंपनी, ग्राहकांचे फोन घ्यायचे, सकाळी नऊ ते सहा. आईच्या खाटेपासून चार हातांवर टेबल. पण राऊटर पुढे दुकानात, मध्ये गोदाम, आणि गोदामात टिनाच्या पत्र्यांच्या छतापर्यंत थप्प्या. वायफाय त्यातून पार होईना. दोनदा केबल टाकली, दोन्हीदा उंदरांनी कुरतडली. मोबाईलला त्या खोलीत सिग्नलची एकच काडी. कंपनीनं दोनदा ताकीद दिली होती. महिनाअखेर तिसरी ताकीद आली की काम संपलं.

अशा वेळी माणूस काय करणार? बुडणाऱ्याला काडी दिसली की तो ती कोणाच्या हातात आहे, हे पाहत नाही.

बुधवारी दुकान उघडलं आणि यंत्र मेलं. डबीचे दोन दिवे लाल. आचलनं उदबत्ती लावली, नारळ फोडला, महाराजांना फोन केला. "श्रद्धा कम पडती है," असं उत्तर आलं. आठवडाभर पोरीनं उपास धरला. ग्राहक बोलता बोलता गायब होत आणि ती हेडफोन काढून आईकडे पाठ करून रडत असे. आईला ते दिसत होतं. उठून पोरीच्या पाठीवर हात ठेवणं तिच्या नशिबी नव्हतं.

पुढच्या मंगळवारी महाराज आले आणि नेट पुन्हा धो धो सुरू झालं! सकाळपासून एकही फोन तुटला नाही. महाराजांनी घरभर चक्कर मारली. रिकामी खाट पाहिली.

"इथं कोण झोपते?"

"आई. मंगळवारी गल्लीतला प्रफुलदादा तिले त्याच्या गाडीनं व्यायामासाठी वर्ध्याच्या दवाखान्यात नेते," आचल म्हणाली.

"पिछले मंगळवार भी?"

"हो."

महाराजांनी कपाळावर हात मारला. "मग अजून काय पायजे! आधं अंग निर्जीव, लहर तिथं येऊन बुडते. बाई घरात, तर लहर बंद. बाई बाहेर, तर चालू. तुमीच पाह्यलं न? सव्वा महिना बाईले बाहेर ठेवा."

लोकांनी माना डोलावल्या. दोन मंगळवार त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. डोळ्यांनी पाहिलेल्या खोट्यासारखं पक्कं खोटं दुसरं नसतं.

ठरवलं मात्र कोणी दुसऱ्यानं नाही, यशोदाबाईंनी. जड जिभेनं त्या अण्णाजींना म्हणाल्या, "मले... गिरडले भावाकडे धाडा. पोरीचं काम ऱ्हायलं पायजे."

अण्णाजींनी प्रफुलला गाडी आणायला सांगितलं. बारा वर्षांपूर्वी शॉर्टसर्किटनं दुकान जळालं, तेव्हाही त्यांनी असंच नशिबापुढे डोकं टेकलं होतं.

गुरुवारी सकाळी दारात प्रफुलची गाडी लागली. महाराज निरोपाचा नारळ घेऊन हजर होते, गल्लीही. मी मध्ये पडायला गेलो होतो. पण वाद घालायला माझ्याकडे शिव्यांपलीकडे काहीच नव्हतं. यशोदाबाईंना खुर्चीवर बसवून चौघं उचलत होते. त्यांची पिशवी भरलेली होती. वर कंगवा आणि औषधाची पट्टी.

तेवढ्यात अण्णाजींनी दुकानाच्या मेन स्विचला हळदकुंकू लावलं, हात जोडले आणि खटका वर केला. आगीनंतरची त्यांची ही रीत. दुकान उघडताना मेनची पूजा, बंद करताना मेन पाडायचा, म्हणजे वीजच बंद. सुटीच्या दिवशी तर दिवसभर पाडलेला. गल्लीत सगळ्यांना माहीत. मलाही बारा वर्षं माहीत.

मी जागीच थांबलो.

"आचल, मंगळवारी दुकानाचा मेन पाडला असते. मग राऊटर कायवर चालते?"

"घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढते न काका. गोदामाच्या खिडकीतून. संध्याकाळी गुंडाळून ठेवते, नाईतर उंदीर."

"आणि बाकीच्या दिवशी?"

"दुकानातल्याच प्लगावर."

मला रडू येईल की काय असं वाटलं. "खुर्ची खाली ठेवा," मी ओरडलो. "वहिनीले परत खाटेवर न्या. आचल, बोर्ड आण."

"बाई आत, तर लहर बंद!" महाराज गरजले.

"तेच पाहू. वहिनी जागच्या हलणार नाईत. एकच गोष्ट बदलू."

यशोदाबाई खाटेवर. आचलनं घरातून बोर्ड ओढला, राऊटर आणि देवाची डबी त्यावर लावली. गल्ली श्वास रोखून देवीच्या डबीकडे पाहत होती. अर्धं मिनिट गेलं. लाल दिवे विझले. मग एक हिरवा, दुसरा हिरवा, तिसरा. भजन सुरू झालं.

"आता सगळं दुकानाच्या प्लगावर लाव."

दिवे लाल. भजन अडकलं.

"आता वहिनीले बाहेर ओसरीवर न्या. बोर्ड नका लावू."

यशोदाबाई बाहेर, खाट रिकामी, आणि दिवे तरीही लाल. एक म्हातारी पुटपुटली, "म्हंजे बाईचा काई दोषच नाई?"

मी स्क्रूड्रायव्हर काढला. "यंत्र उघडू नका, शक्ती जाईल!" महाराज पुढे आले.

"मेन लाइनची शक्ती आहे, महाराज. बिल भरत राह्यलं त ती जात नाई."

कापड सुटलं, तांब्याची खोळ निघाली. आत पांढरा प्लास्टिकचा ठोकळा, कंपनीचं नाव घासून काढलेलं. बाजूला एक बटण. महाराज मंत्र म्हणताना कापडाखाली दाबायचे ते हेच.

"याले पॉवरलाइन ॲडॉप्टर म्हणतात," मी सांगितलं. "बाजारात मिळते. चांगली वस्तू आहे. वायफाय पत्र्याच्या थप्पीतून पार होत नाई, पण भिंतीत विजेची तार आधीच गेली आहे. हा ठोकळा नेट त्या तारेवर चढवते, दुसरा खोलीत उतरवते. फक्त दोन्ही ठोकळे एका मीटरच्या तारेवर पायजे. अण्णाजी, तुमचे मीटर किती?"

"दोन. दुकानाचं येगळं, घराचं येगळं."

"दुकानाची तार घराच्या तारेले भेटतच नाई, मग नेट जाईल कुठून? मंगळवारी बोर्डामुळं दोन्ही डब्या घराच्या मीटरवर यायच्या. वहिनी वर्ध्याले जायच्या तो निव्वळ योगायोग."

महाराजांना मीटरचं ठाऊकच नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांची विद्या डबी खोचण्यापुरती. जिथे चाललं तिथे चमत्कार, जिथे नाही तिथे घरातलं कुणी तरी अपशकुनी. प्रफुलनं बाहीला धरून त्यांना गाडीत बसवलं आणि गाडी वळली ती गिरडकडे नव्हे, पोलीस ठाण्याकडे.

त्याच दुपारी मी घराच्या मीटरवरून लोखंडी पाइपातून एक पक्की तार राऊटरपर्यंत नेली. वायफायच्या नादी न लागता तेच दोन ठोकळे, उघडे, लाल कापडाशिवाय लावले. आचलचं काम टिकलं.

वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. काही बिघडलं तर आधी तार पाहा, स्विच पाहा. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली, असं मानू नका. एक तशीच ठेवून दुसरी बदलून पाहा. आणि जो माणूस यंत्राचा दोष घरातल्या दुबळ्या जिवावर टाकतो, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. माझ्यासारखं हसून घरीही जाऊ नका.

परवा पावसानं कारंज्याची लाइट गेली, नेट बंद पडलं. मी टॉर्च घेऊन त्यांच्याकडे गेलो. आचल कंपनीला फोन लावत होती. यशोदाबाईंनी डाव्या हातानं माझी बाही धरली.

"बबनभाऊ," त्या म्हणाल्या, "माह्यामुळं त नाई न?"