रंभाच्या अंबाड्यातला दाभण

मी एक दाभण. पोती शिवायची जाड, लांब सुई. पनवेलच्या एका लोहारानं मला ठोकून टोक काढलं, सुतळी ओवायला नेढं पाडलं, आणि देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या त्या वर्षांत मी बंदराजवळच्या मिठाच्या वखारीत कामाला लागलो.

तिथं गव्हाण गावची गुणाबाई पोती शिवायची. काम संपलं की मला पदरानं पुसून अंबाड्यात खोचायची. बंदरापासून बाजारापर्यंतची गल्ली अरुंद. पुरुष बायांच्या अंगाला घासून जात आणि ‘चुकून लागलं’ म्हणत. ती चूक नेहमी छातीपाशीच होई.

गावात नवी सून आली, रंभा. मिठाच्या पाट्या उचलायला तीही वखारीत येऊ लागली. गुणाबाईनं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं.

“एकटी चालू नको गो. भिंतीच्या कडंला नको, दुकानांच्या कडंनं चाल. कोनी आंगाशी आला तं गप रावू नको, त्याचं नाव घेऊन वरड. नायच आयकला, तं दुकानात शीर. तरी नाय सोडला, तं हा हाय.” आणि तिनं मला रंभाच्या अंबाड्यात खोचलं.

दिनानाथ हा वखारवाल्याचा पुतण्या. पांढरंशुभ्र धोतर, कानात अत्तराचा फाया. बाजाराच्या दिवशी त्यानं गल्लीत मागून रंभाची कंबर धरली. ती एकटी नव्हती. वखारीतल्या सगळ्या बाया बरोबर होत्या. रंभा ओरडली, “दिनानाथ! हात काड!”

गुणाबाईनं वळून पाहिलं. कोण आहे ते दिसताच तिनं मान फिरवली आणि चालू लागली. तिच्यामागे बाकीच्याही गेल्या.

पेढीवरचा एक जण हसला. “नाव बरं ठाऊक आहे गं तुला याचं!”

रंभा कापडाच्या दुकानात शिरली. दुकानदारानं तिला बाहेर काढलं. “इथं तमाशा नको.” पायरीवरच दिनानाथनं तिचा पदर ओढला. तेव्हा तिनं मला उपसलं आणि त्याच्या तळहातात घुसवलं. मी हाडाला टेकलो.

मघाशी कोणी आलं नव्हतं. आता सगळा बाजार धावून आला. तिला बुकलत वखारीत नेलं, आणि मलाही.

मालकानं मला उचलून पाहिलं. “हा आमचा दाभण. हिला कुणी दिला?”

रंभा गुणाबाईकडे बघत राहिली. तिचा ओठ फाटला होता.

“मला काय ठाव?” गुणाबाई म्हणाली. “चोरला असंल.”

रंभाच्या नवऱ्याला, महादेवला, बोलावलं. त्यानं आधी दिनानाथचे पाय धरले, मग बायकोला केसाला धरून नेलं. पुढचं मी वखारीतल्या बायांच्या तोंडून ऐकलं. त्यानं तिचे केस कापले, तिला बेलपाड्याला माहेरी टाकलं आणि दुसरी केली. आता तिथं कोणी हाक मारली तरी ती ओ देत नाही.

दिनानाथचा हात बरा झाला. मला त्यानं वखारीतल्या आपल्या बसायच्या गादीशेजारी खिळ्याला टांगलं. गिऱ्हाइकांना दाखवतो आणि हसतो. मिठाच्या हवेनं मला गंज चढलाय.

औंदा गुणाबाईची लेक, मालू, कामाला लागली. आज दिनानाथनं तिला हाक मारली, “हा दाभण पुसून दे गं.” ती जवळ येताच त्यानं तिचं मनगट धरलं.

“आये!” मालू ओरडली. “हा हात सोडीत नाय!”

दारात गुणाबाई पोतं शिवते आहे. बाया पाट्या उचलताहेत. कोणाची मान वर होत नाही.

बायांनो, मला न्यायचं तर न्या. दगडावर घासलात तर मी अजून टोचेन. पण एखादी ओरडली, तर वळा आणि तिच्या बाजूला येऊन उभ्या राहा. लोखंडाला तेवढं जमत नाही.

मालू अजून ओरडते आहे. मला खिळ्यावरून उतरता येत नाही.