रिकाम्या खुर्चीचे फोटो

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या. थोरलीच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. अंधाऱ्या खोलीत त्याच्या शेजारी उभी राहून ती फिल्म धुवायला शिकली. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, तीस वर्षं गल्ल्यावर बसला, पण त्या खोलीत कधी डोकावला नाही. डिजिटल आलं, थोरलीचा नवरा गेला आणि दिराने फोटो मोठे करायचा एन्लार्जर भंगारात घातला. एक कॅमेरा तेवढा थोरलीने पदराआड घालून घरी आणला.

आता तेच भंगार पोरंटोरं हौसेने शोधत फिरतात. म्हणून दिराला कॅमेरा आठवला. दुकानातल्या काचेच्या कपाटात मांडायचा होता. धाकटीला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते.

"वहिनी, तो स्टुडिओचा माल आहे," तो दारातूनच म्हणाला. बसलासुद्धा नाही.

थोरलीने सांगितलं, कॅमेरा चालू आहे, मी वापरते. तो हसला. या वयात कसले फोटो, आणि मोबाइलला काय धाड भरलीय, असं बरंच बोलला. मोबाइलचं नाव त्याने तरी काढू नये. आजारपणात धाकटीचा सुजलेला चेहरा त्यानेच टिपून साऱ्या नातेवाइकांना धाडला होता. त्यानंतर तिने कुणाला फोटो काढू दिला नाही. फक्त ताईला, तोही याच कॅमेऱ्याने, बाल्कनीतल्या खुर्चीत, केस विंचरून. "हा लगेच कुणाला दिसत नाही ना? मग काढ," म्हणाली होती. तो रोल अजून आतच होता.

थोरली हे सांगणार, तोच दिराने आत शिरून टेबलावरचा कॅमेरा उचलला आणि मागचं झाकण खटकन उघडलं. त्यांच्या स्टुडिओत झाडू मारणारी बाईसुद्धा आधी वरची चावी फिरवून बघायची. जड लागली तर आत रोल आहे, झाकण उघडलं तर उजेडाने जळतो.

थोरलीने कॅमेरा हिसकावला आणि झाकण लावलं.

"त्यात तुमची बायको होती, भावजी," ती म्हणाली. "आता निघा."

तो गेल्यावर तिने न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडी ठोकली आणि भर दुपारी अंधार करून रोल धुतला. धाकटी गेल्यावर कितीतरी दिवस ती त्या रिकाम्या खुर्चीचेच फोटो काढत राहिली होती. ते नंतरचे, म्हणून रिळाच्या वरच्या वेढ्यांत होते, उजेड त्यांनीच खाल्ला. कोळशासारखे काळे झाले. अगदी आतल्या वेढ्यात तीन फोटो वाचले. कडा जळालेल्या, पण मध्ये धाकटी हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर दारात उभा. दाढी वाढलेली, हात रिकामे.

"वहिनी, काही आलं का?"

तीस वर्षांत आवाज एवढा खाली आलेला तिने ऐकला नव्हता. डोळे भरलेत, तेही तिला दिसलं.

"सगळं काळं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पावलं जिना उतरेपर्यंत ती आतून कडी धरून उभी राहिली. मग पुन्हा घोंगडीआड गेली. एन्लार्जर नव्हता, म्हणून फिल्म कागदावर दाबून धरली, क्षणभर दिवा लावला आणि कागद औषधात सोडला. टपालाच्या तिकिटाएवढी धाकटी हळूहळू वर आली.

कागद आणखी होते. तिने दुसरी प्रत काढली नाही.